अविश्वासाला हाफ डे

‘अमर अकबर अँथनी’ (1977) आठवतोय ना? तीन सख्खे भाऊ, एकमेकांना न ओळखणारे, हॉस्पिटलात शेजारी शेजारी आडवे. तिघांच्या हातातून निघालेलं रक्त वर चढतं, एकाच बाटलीत जमतं आणि तिथून थेट आईच्या हातात उतरतं. गुरुत्वाकर्षण, रक्तगट, डॉक्टरी नियम... सगळे गेले तेल लावत! थिएटरात कुणी ‘ओ, असं होत नाही’ म्हणून उठून गेल्याचं ऐकिवात नाही. उलट हातरुमाल बाहेर निघाले.

प्रेक्षकाच्या या मेहरबानीला कोलरिज नावाच्या इंग्रजी कवीने 1817 मध्ये एक भारदस्त नाव देऊन ठेवलंय. मराठीत सांगायचं तर अविश्वासाला स्वखुशीने दिलेली सुट्टी. माझ्या मते ती पूर्ण सुट्टी नसते, हाफ डे असतो. म्हणजे आपला अविश्वास घरी जाऊन झोपत नाही. तो खाली टपरीवर कटिंग पीत उभा असतो, मोबाइल चालू ठेवून. एक मिस्ड कॉल दिलात की धावत वर!

व्हिडिओ गेम खेळताना तर आपण त्या बिचाऱ्याला किती पिटाळतो बघा. मारिओ मशरूम खाऊन दुप्पट होतो? होऊ दे. बारा गोळ्या लागल्यावर भिंतीवरची औषधाची पेटी उचलली की माणूस ठणठणीत? चालेल. ‘जीटीए व्हाइस सिटी’ (2002) आपण सगळ्यांनी सायबर कॅफेत किंवा मित्राच्या पीसीवर खेळलाय. त्यात मेलात की हॉस्पिटलच्या दारात परत उभे. फक्त हत्यारं गायब आणि खिशातले काही डॉलर कमी. (हॉस्पिटलात जाऊन खिसा हलका होणं, एवढं मात्र शंभर टक्के वास्तववादी.)

तर एवढं सगळं विनातक्रार गिळणारा माणूस एखाद्या फुटकळ गोष्टीला अडकून रात्री दीड वाजता कंट्रोलर सोफ्यावर आपटतो. हे का होतं?

आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा त्याचा धंदा. 2024 मध्ये ‘फॉलआउट’ची वेब सिरीज आली आणि अर्ध्या ऑफिसने जुने फॉलआउट गेम शोधून काढले. याने ‘फॉलआउट 3’ घेतला, नुसता मूळ गेम. महिनाभर खूश होता. मग एका सोमवारी आला तो डोळे लाल, चेहरा उतरलेला. मला वाटलं ब्रेकअप झालं. म्हणाला, “अगं, शेवटी पार शेंडी लावली गं त्यांनी मला.”

(इथून पुढे शेवट फोडलेले आहेत. अर्थात, यातले बहुतेक गेम दहा वर्षांहून जुने आहेत. एवढी वर्षं थांबला असाल, तर माझ्यामुळे काही बिघडत नाही.)

‘फॉलआउट 3’ आला 2008 मध्ये. बेथेस्डाचा. अणुयुद्धानंतरचं वॉशिंग्टन, साल 2277. आपल्याकडे त्याची एक वेगळीच गंमत झाली. मायक्रोसॉफ्टने ‘सांस्कृतिक संवेदनशीलते’चं कारण देऊन तो एक्सबॉक्सवर भारतात आणलाच नाही. नेमकं काय खुपलं ते सांगितलं नाही, पण गेममध्ये दोन डोकी असलेल्या गायी आहेत आणि त्यांना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, यावरून लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. असो. गेममधलं मुख्य संकट म्हणजे पाणी. सगळं पाणी किरणोत्सर्गाने नासलेलं. आपले बाबा ते शुद्ध करणारं एक प्रचंड यंत्र बनवतायत आणि त्यापायी जिवानिशी जातात. बाबांना आवाज लियाम नीसनचा, त्यामुळे वाईटही जरा जास्तच वाटतं.

पुढे एका बंकरमध्ये एक महत्त्वाचं उपकरण असतं. तिथे जायच्या वाटेवर इतका किरणोत्सर्ग, की आपण आत गेलो तर संपलोच. तिथे कोठडीत आपल्याला भेटतो फॉक्स. हा म्युटंट. दिसायला राक्षस, बोलायला प्रोफेसर. तो म्हणतो, मला सोडव, मी आणून देतो, मला किरणोत्सर्गाने काही होत नाही. आपण सोडवतो, तो आरामात चालत जातो आणि घेऊन येतो. नियम नंबर एक शिकून झाला. पुढे सज्जनपणे खेळलात तर हाच फॉक्स तुमच्यासोबत हिंडतो.

आता क्लायमॅक्स. यंत्र सुरू करायला कुणीतरी काचेच्या खोलीत जाऊन आकडे दाबायचेत. खोलीत जीवघेणा किरणोत्सर्ग. गेम गंभीर चेहऱ्याने विचारतो: कोण मरणार? तू, की ही शूर मुलगी लायन्स?

आणि तुमच्या बाजूला फॉक्स उभा आहे!

तुम्ही त्याला म्हणता, बाबा रे, तू जा की. तर तो साधारण असं सांगतो की, हे तुझं प्राक्तन आहे, मी मध्ये येणार नाही. फॉक्सच कशाला? सोबतीला एक रोबो असू शकतो, त्याचंही उत्तर नाही. एक ‘घूल’ असू शकतो. या जमातीला किरणोत्सर्गाने उलट बरं वाटतं. त्याची तर नोकरीच अशी, की त्याच्या कराराचा कागद ज्याच्या हातात त्याचा हुकूम त्याने निमूट पाळायचा. आपल्याकडे बॉन्ड लिहून घेतात तसं. तोसुद्धा नाही म्हणतो!

टेस्टरने मला लंच टाइममध्ये याचं रीतसर तिकीट लिहून दाखवलं. अपेक्षित निकाल: फॉक्स आत जातो, यंत्र सुरू, सगळे जिवंत. प्रत्यक्ष निकाल: फॉक्स तत्त्वज्ञान सांगतो, हीरो मरतो. गंभीरता: हाय. खाली मीच शेरा मारला, ‘डिझाइनप्रमाणेच चालू आहे’. त्याने मला टिफिनमधली भेंडी दिली नाही.

पण गंमत सोडा, तो शेरा खरा आहे. लेखकांना तिथे बलिदान हवं होतं. बाबा गेले, आता लेकरू त्याच वाटेने जातंय, वर्तुळ पूर्ण. कागदावर ते छानच दिसलं असणार. आणि कागदावर हीरो एकटा असतो. सोबती हा ऐच्छिक मामला. कुणी घेईल, कुणी घेणार नाही, कुणाचा वाटेतच मरेल. म्हणून शेवट असा बेतला, की जणू बाजूला कुणी नाहीच. फक्त ते बाजूला उभे असलेले दिसतात, एवढाच लोच्या.

आरडाओरडा झाल्यावर 2009 मध्ये ‘ब्रोकन स्टील’ नावाची पुरवणी आली, पैसे मोजून घ्यायची. तिच्यात फॉक्सला आत पाठवता येतं. पण नंतरच्या निवेदनात तुम्हालाच टोमणा मिळतो, की बापाच्या त्यागाचा कित्ता मुलाने गिरवला नाही, खरा वीर दुसराच निघाला. वा रे वा! शहाणपणाने वागलं की घाबरट. असे बॉस सगळ्यांना भेटलेत.

माझ्या मते सगळं गणित इथे आहे. म्युटंट असतात, यावर टेस्टरला काही म्हणायचं नव्हतं. दोन डोक्यांच्या गाईवरही नाही. त्याची तक्रार वेगळी होती: जो नियम तुम्हीच मला शिकवलात, माझ्याच हातून वापरून घेतलात, तो ऐन वेळी माझ्याविरुद्ध का मोडलात?

कॉलेजात एकांकिका स्पर्धांना गेला असाल तर हे लगेच कळेल. स्टेज रिकामं. एक पात्र येतं, हवेतच कडी काढतं, दार ढकलतं, आत येतं. बस्स, तिथे दार झालं. तमाशात तर पात्र स्टेजवर एक चक्कर मारतं आणि मथुरेच्या बाजारात पोहोचतं, आपली काही हरकत नसते. पण पाच मिनिटांनी दुसरं पात्र त्या हवेतल्या दारातून सरळ आरपार चालत आलं, की मागच्या रांगेतून आरोळी उठते, “अरे, दार! दार!” खऱ्या दाराचा आग्रह कुणाचाच नव्हता. पण जे दार आपण सगळ्यांनी मिळून तिथे बसवलं, ते तुम्ही तुमच्या सोयीने उचलू शकत नाही.

सिनेमात ते दार डोळ्यांनी पाहिलेलं असतं. गेममध्ये ते आपण उघडलेलं असतं, आपल्या अंगठ्यांनी, शंभर वेळा. म्हणून सिनेमातला लोच्या बऱ्याचदा घरी परतताना लोकलमध्ये आठवतो आणि गेममधला तिथल्या तिथे हाताला बोचतो.

आता याच्या उलट केस घ्या. ‘फायनल फँटसी 7’, 1997, पहिलं प्लेस्टेशन. एरिथ नावाची गोड मुलगी आपल्या टोळीत असते. पहिली डिस्क संपता संपता सेफिरॉथ तिला आपल्या डोळ्यांदेखत तलवारीने मारतो. संपलं. परत येत नाही. आणि याच गेममध्ये ‘फिनिक्स डाउन’ नावाचं पीस मिळतं, जे लढाईत पडलेल्या सोबत्याला उठवतं. दुकानात तीनशे गिलला. बॅगेत अशी डझनभर पिसं असताना आपण तिच्याकडे बघत उभे!

लॉजिक लावलं तर हा फॉक्सपेक्षा मोठा खड्डा आहे. चाहते सांगतात, ते पीस बेशुद्धांसाठी असतं, मेलेल्यांसाठी नसतं. ठीक आहे, वकील चांगला आहे. पण मला विचाराल तर लोकांनी माफ केलं ते या युक्तिवादामुळे नाही. तिला आपण तास न् तास वाढवलेलं असतं, तिच्या जादूवर टोळी जगवलेली असते, आणि ती गेल्यावर ते सगळं खरोखर जातं. यादीतली तिची जागा जाते. तिच्यासाठी जमवलेल्या जादा काठ्या बॅगेत तशाच पडून राहतात, त्या दुसऱ्या कुणालाच चालत नाहीत. पुढच्या लढाईत तुमचा हात सवयीने तिला शोधतो. कथा म्हणते ‘ती गेली’ आणि हातही म्हणतो ‘ती गेली’. दोघांची साक्ष जुळते. मग पिसाचं कोण विचारतं?

साक्ष जुळत नाही ती ‘हेवी रेन’मध्ये. 2010, प्लेस्टेशन 3, दिग्दर्शक डेव्हिड केज. पाऊस, एक सीरियल किलर, पळवलेली मुलं. आपण आळीपाळीने चार पात्रं खेळतो. त्यातला ईथन मार्स हा बाप. त्याचा मुलगा शॉन पळवला गेलाय आणि त्याला वाचवायला बाप काहीही करायला तयार आहे. त्यात स्वतःचं बोट कापण्याचा एक प्रसंग आहे. मी तो उशी मांडीवर घट्ट धरून पार केलाय.

या ईथनला मध्येच शुद्ध हरपण्याचे झटके येतात. शुद्धीवर येतो तेव्हा तो भलत्याच रस्त्यावर, हातात कागदाची ओरिगामी. खुनी तशीच ओरिगामी सोडतो. आपला जीव वर-खाली. खुनी हाच तर नाही? आणि मग गेम हा विषय चक्क विसरून जातो! ती ओरिगामी हातात कुठून आली, कधीच कळत नाही. मुळात ईथन आणि खुनी यांच्यात एक अतींद्रिय धागा होता, तो बनवताना काढून टाकला. धागा गेला, गाठ राहिली. याला आपल्याकडे पाट्या टाकणं म्हणतात.

पण माझी खरी तक्रार तीही नाही. गेममध्ये एक बटण आहे. ते दाबलं की पात्राच्या मनातले विचार ऐकू येतात. ढेरपोट्या, दम्याचा, प्रेमळ प्रायव्हेट डिटेक्टिव्ह शेल्बी आपण तासन् तास चालवतो, त्याचं मन ऐकतो. एका जुन्या दुकानात त्याच्या ओळखीच्या दुकानदाराचा खून होतो, तेव्हाही आपण त्याच्याच सोबत. आणि शेवटी कळतं, खुनी शेल्बीच! तो पुरावे गोळा करत होता ते नष्ट करायला. कल्पना झकास. पण दुकानातले मोजके क्षण गेमने आपल्या नजरेआड केलेले. आणि ते मनाचं बटण? ते इतका वेळ काय ऐकवत होतं?

खुनीच गोष्ट सांगतोय, ही युक्ती अगाथा ख्रिस्तीने 1926 मध्येच ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये करून ठेवलीय. पण बाईंचा निवेदक खोटं बोलत नाही, नको ते गाळतो. पुन्हा पहिल्यापासून वाचलं की प्रत्येक वाक्य नव्याने लागतं आणि आपण मान डोलावतो. ‘हेवी रेन’ परत खेळताना मान डोलत नाही. मनात डोकवायचं बटण मला देऊन त्या मनाने माझ्याशीच थापा माराव्यात? ज्याला आत घ्यायचं त्यालाच फसवायचं, हे काही बरं नाही.

हीच फसवणूक ‘बायोशॉक’ने (2007) काय देखणी केलीय! समुद्राखालचं शहर, रॅप्चर. रेडिओवर अ‍ॅटलस नावाचा माणूस अगदी नम्रपणे सांगत राहतो, जरा कृपा करून हे कर, ते कर. आपण करत जातो, कारण गेममध्ये सांगितलेलं करायचंच असतं. दुसरा रस्ता असतोच कुठे? आणि मध्यावर कळतं, की ती ‘कृपा करून’वाली तीन शब्दांची विनंती म्हणजे आपल्या पात्राच्या डोक्यात बसवलेली किल्ली होती. तो नाही म्हणूच शकत नव्हता. जो लोच्या प्रत्येक गेममध्ये असतो, की हीरो अनोळखी आवाजाचं निमूट का ऐकतो, त्याचंच त्यांनी उत्तर केलं. मी हेडफोन काढून दोन मिनिटं गप्प बसले होते.

त्यानंतर एक बाई आपल्याला त्या किल्लीतून मोकळं करते. आपण स्वतंत्र! आणि लगेच तीच बाई रेडिओवरून पुढच्या सूचना देते आणि आपण त्या पाळू लागतो. मॅनेजर बदलला, काम तेच.

त्याच वर्षी क्लिंट हॉकिंग या गेम डिझायनरने ‘बायोशॉक’वरच बोट ठेवत एक शब्द काढला: ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स. (मीटिंगमध्ये वापरून बघा, कुणीही प्रतिप्रश्न करणार नाही.) अर्थ सोपा आहे. कथा एक सांगते आणि खेळ दुसरंच करायला लावतो. ‘अनचार्टेड’चा हीरो कथेत हसरा, दिलदार, आपल्यातलाच एक. आणि आपल्या हातात असताना डोंगराडोंगरांवर माणसांचे सडे पाडतो. ‘अनचार्टेड 4’च्या (2016) लोकांनी यावर कडी केली. एक हजार शत्रू मारले की एक ट्रॉफी मिळते आणि तिचं नाव तेच, ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स! कोडगेपणा असावा तर असा. मला आवडला.

सगळ्यात कॉमन लोच्या मात्र घाईचा. ‘फॉलआउट 4’मध्ये (2015) आपलं तान्हं बाळ पळवलेलं असतं. (त्याचंही नाव शॉन. गेममध्ये शॉन नाव ठेवू नये.) आईबापाने जमीन-आसमान एक करावं, तर आपण तीन आठवडे वस्ती वसवतोय, खुर्च्या मांडतोय, पडद्यांना मॅचिंग दिवा शोधतोय. बाळ काय, जिथे आहे तिथे राहील. हे जमवायचं कसं, ते निन्टेन्डोने 2000 मध्ये ‘मेजोराज मास्क’मध्ये दाखवलं होतं. तीन दिवसांत चंद्र कोसळणार म्हणजे कोसळणारच. ते तीन दिवस म्हणजे आपल्या घड्याळात जेमतेम 54 मिनिटं. वर बघावं तर चंद्र मघापेक्षा मोठा झालेला. तिथे कुणी पडदे निवडत बसत नाही.

आणि खर्चिकच असावं लागतं असंही नाही. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ काढला. लहान मुलगी भिंतीवरून धावते, खांबावर गिरकी घेते, राक्षसांना लोळवते. का जमतं तिला? कारण ती सर्कशीत कसरती करणारी आहे. एवढंच. एक ओळ. पण त्या ओळीमुळे माझ्या अंगठ्यांनी केलेली प्रत्येक उडी तिची वाटते.

नंतर ठिगळ लावणं हा वेगळाच प्रकार. ‘मास इफेक्ट 3’च्या (2012) शेवटी आत्ता आपल्यासोबत जमिनीवर लढणारे सोबती पुढच्याच क्षणी दूर पळणाऱ्या जहाजात दिसले. लोक भडकले. तीन महिन्यांत फुकट नवा भाग आला, त्यात जहाज खाली येऊन त्यांना उचलून नेतं. छान! फक्त तेवढा वेळ समोरचा महाकाय शत्रू, जो दिसेल त्याला जाळत सुटलाय, तो शांतपणे बघत उभा राहतो. गाडी मागे-पुढे घेणाऱ्याला सोसायटीचा वॉचमन वाट देतो, तसा.

आमचा टेस्टर सध्या ‘विचर 3’ खेळतोय. त्यात हीरोला पोटच्या मुलीसारखी असलेली सिरी बेपत्ता आहे आणि एक भुतांची फौज तिच्या मागावर आहे. जीवन-मरणाचा प्रश्न. काल लंचला मी विचारलं, सापडली का रे सिरी? तर म्हणे, अगं नाही, गावागावात पत्त्यांच्या स्पर्धा चालू आहेत, गेला आठवडाभर तेच खेळतोय. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. भेंडी पुढे सरकवत तो म्हणाला, “थांबते गं ती.”